रूळ गेले, वाट राहिली

न्यूझीलंडमधील ओटागो भागातील मिडलमार्च ते क्लाइड हा लोहमार्ग १९९० मध्ये बंद झाला आणि वाटेवरील खेड्यांचा जुना आधार तुटला. १९९३ मध्ये तेथील शासनाच्या निसर्गसंवर्धन विभागाने ही जमीन ताब्यात घेतली. रूळ निघालेल्या पट्ट्यावर बारीक खडी पसरण्यात आली. पुलांवर फळ्या व कठडे बसविण्यात आले. २००० साली १५२ किलोमीटरची ही वाट पदयात्री व सायकलस्वारांसाठी खुली झाली.

आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून मार्ग आखतानाच चढ सौम्य ठेवला होता. त्यामुळे ६१८ मीटर उंचीचा माथाही वृद्धांना गाठता येतो. पूलबर्न दरीतील बोगद्यांत मात्र विजेरी हवीच. पथिकांच्या मुक्कामामुळे या खेड्यांना पुन्हा रोजगार लाभला आहे.