जुन्या ‘पद्मिनी’च्या स्टिअरिंगमधून तेल गळतंय? आधी हे तपासा

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. पण हौशी मंडळींनी आपल्या पद्मिनी आणि जुन्या फियाट अजून जिवापाड जपल्या आहेत. अशा गाडीखाली सकाळी तेलाचा डाग दिसला, की बरेच जण ‘जुनी गाडी, थोडं गळणारच’ म्हणून सोडून देतात. ही सवय महागात पडू शकते.

नक्की काय गळतंय?

या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे पंप किंवा प्रेशरचे पाइपही नाहीत. स्टिअरिंग बॉक्समध्ये असतं ते घट्ट, उग्र वासाचं गिअर ऑइल. गळणारं द्रव पातळ आणि रंग खाणारं असेल, तर ते ब्रेक ऑइल असण्याची शक्यता मोठी. तसं असेल तर गाडी जागची हलवू नका, आधी ब्रेक दुरुस्त करा.

गळती कुठून होते?

बॉक्स रॉकेलने पुसून कोरडा करा, थोडं फिरून या आणि पुन्हा पाहा. तेल नेहमी खाली ओघळतं, म्हणून सर्वांत वरची ओली जागा शोधायची. बहुतेक वेळा दोषी असतं ते ड्रॉप आर्मच्या शाफ्टवरचं ऑइल सील, नाहीतर झाकणाचं पॅकिंग.

नुसतं सील बदलून भागतं का?

नेहमीच नाही. ड्रॉप आर्म धरून हलवून पाहा. शाफ्ट डुगडुगत असेल तर आतला बुश झिजला आहे, आणि नवं सीलही थोड्याच दिवसांत गळू लागेल. शाफ्टवर खाच पडली असेल तरी तेच.

ड्रॉप आर्म काढण्याआधी आर्म आणि शाफ्ट दोन्हींवर खूण करा, म्हणजे तो त्याच जागी बसेल. तो पुलरने काढा. हातोडा मारला तर आतल्या दात्यांना इजा होते. नव्या सीलची ओठासारखी कड तेलाच्या बाजूला ठेवून ते सरळ दाबून बसवा. झाकणाखाली पातळ शिम असतील तर तेवढ्याच परत घाला, कारण बेअरिंगचा ताण त्यांवर ठरतो. आर्मचा नट पूर्ण कसून त्याचं लॉक बसवायला विसरू नका. तो सुटला, तर स्टिअरिंग फिरेल, पण चाकं वळणार नाहीत.

तेलाऐवजी ग्रीस भरलं तर?

गळती थांबल्यासारखी वाटते, म्हणून हा जुगाड सर्रास होतो. पण ग्रीस एकदा बाजूला सरकलं, की दात्यांवर परत ओघळत नाही. दाते कोरडे घासतात आणि स्टिअरिंग जड होतं. म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेलंच तेल, साधारणपणे ९० नंबरचं गिअर ऑइल, ठरलेल्या पातळीपर्यंत भरा.

काम जॅकच्या भरवशावर नको, गाडी स्टँडवर घ्या. दोन-तीन दिवस गाडीखाली पुठ्ठा ठेवा. तो कोरडा राहिला, की काम फत्ते!