बल्हराचा किनारा

शके 848, म्हणजे इसवी सन 926. मान्यखेटाच्या गादीवर राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र होता. दहा वर्षांपूर्वी त्याच्या सैन्याने थेट कनौज गाठून प्रतीहारांची राजधानी लुटली होती. या साम्राज्याच्या पश्चिम टोकाला, समुद्राकाठी, संयान मंडल होते. आजचे संजाण आणि डहाणूचा परिसर हा त्याचाच भाग. तिथला कारभार मधुमती सुगतिप या अधिकाऱ्याकडे होता. ताम्रपटावर त्याच्या बापाचे नाव सहियारहार आणि कुळ ताजिक असे कोरले आहे. संस्कृत लेखनिकाने मुहम्मदाचा मधुमती केला आणि शहरियारचा सहियारहार. थोडक्यात, राष्ट्रकूटांच्या राज्यात एका बंदरपट्टीचा अधिपती मुसलमान होता. त्याला ही जागा इंद्राचा आजा दुसरा कृष्ण याने दिली होती.

त्याच्या नावे असलेले दानपत्र डहाणू तालुक्यातल्या चिंचणी गावी सापडले आणि दिनेशचंद्र सरकारांनी ते संपादित केले. मजकूर वाचताना आधी नजरेत भरते ते या माणसाचे कामकाज. आसपासच्या बंदरांच्या प्रमुखांना त्याने वठणीवर आणले आणि तिथे आपली माणसे नेमली. दोन प्रवाहांवर होड्यांची सोय केली. एक अन्नसत्र काढले, त्यात वाटसरूंना साळीचा भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. मग येते मूळ दान. अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने संयानात भगवतीची मठिका बांधली होती. हा अन्नैय सुगतिपाच्या मंत्र्याचा, पुव्वैयाचा स्नेही. मठिकेची डागडुजी, देवीचा नैवेद्य आणि पंचगौडीय महापरिषदेच्या नऊ जणांचे जेवण यांसाठी सुगतिपाने सम्राटाच्या संमतीने एक गाव आणि दुसऱ्या गावातली थोडी जमीन दिली.

हा ताम्रपट मी जितक्यांदा वाचतो तितक्यांदा मला एकच गोष्ट खटकते, खरे तर आवडते: लेखनिकाला यात काहीही नवल वाटलेले नाही. मुसलमान अधिकारी देवीला गाव देतो आहे, याबद्दल ना खुलासा, ना कौतुक. नेहमीच्या साच्यातला नेहमीचा सरकारी कागद.

पण दोन-तीन शतकांपूर्वी याच ताजिकांची, म्हणजे अरबांची, याच किनाऱ्यावर वेगळी ओळख होती. 636 च्या सुमारास उमानकडून आलेल्या एका आरमारी टोळीने ठाण्यावर छापा घातला. खलिफा उमरला ते मुळीच रुचले नाही, असे अरब इतिहासकार बलाधुरी लिहितो. आठव्या शतकात सिंध घेतल्यावर अरबी फौजा कच्छ आणि सौराष्ट्र तुडवत दक्षिणेकडे वळल्या आणि नवसारीजवळ चालुक्य पुलकेशी अवनिजनाश्रयाने त्यांना अडवले. त्याचा 739 चा ताम्रपट या लढाईचे मोठे रसभरित वर्णन करतो. चालुक्य सम्राटाने त्याला ‘दक्षिणापथसाधार’सारख्या पदव्या बहाल केल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत खुद्द चालुक्यांनाच दंतिदुर्गाने बाजूला सारले आणि राष्ट्रकूटांचे राज्य सुरू झाले.

शत्रूचा दोस्त झाला तो मन बदलल्यामुळे नव्हे, नकाशा बदलल्यामुळे. उत्तरेत प्रतीहार राष्ट्रकूटांचे पिढीजात वैरी होते आणि सिंधमधल्या अरबांचेही. पलीकडे 762 मध्ये बगदाद वसले आणि आखाताच्या इराणी किनाऱ्यावरचे सिराफ बंदर भरभराटीला आले. तिथे गलबतांना आणि घरांना लाकूड हवे होते. सिराफची घरे सागाची असल्याचे भूगोलकार इस्तख्री सांगतो आणि साग आखातात उगवत नाही. सुलेमान व्यापाऱ्याच्या नावाशी जोडलेल्या 851 च्या वृत्तान्तात जगातले चार मोठे राजे मोजले आहेत: अरबांचा खलिफा, चीनचा सम्राट, रूमचा बादशहा आणि चौथा बल्हरा. हा बल्हरा म्हणजे वल्लभराज, अर्थात राष्ट्रकूट सम्राट. अरबांवर त्याच्याइतकी माया करणारा दुसरा राजा नाही आणि गुर्जरांच्या, म्हणजे प्रतीहारांच्या, राजाइतका त्यांचा वैरी नाही, असेही त्यात म्हटले आहे. व्यापाऱ्याला राजे कसे दिसतात हे इथे कळते: जो जकात वाजवी घेतो तो थोर.

त्या काळचा उत्तम साक्षीदार म्हणजे अल् मसूदी. तो 916 मध्ये सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला आला. त्याने तिथे सुमारे दहा हजार मुसलमान असल्याचे लिहिले आहे. सिराफ, उमान, बसरा, बगदाद इथून आलेले, आणि इथेच जन्मलेलेही. इथे जन्मलेल्यांना तो बयासिरा म्हणतो. त्यांचे आपसांतले तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख असे, त्याला हुनरमन म्हणत, आणि त्याची नेमणूक स्थानिक राजा करी. हा राजा झंझ. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या वंशावळीत तो आपल्याला आधीपासून माहीत आहे. परका प्रवासी आणि इथला ताम्रपट एकाच माणसाकडे बोट दाखवतात, असे भाग्य इतिहासात फार वेळा वाट्याला येत नाही.

हुनरमनची ही व्यवस्था मला या सगळ्या काळाची किल्ली वाटते. वारसा, लग्न, देणेघेणे यांत राजा पडत नाही, तो फक्त प्रमुख नेमतो. जो तो आपापल्या धर्माने चालतो आणि बंदराचे उत्पन्न खजिन्यात येते. यात उदारपणा किती आणि हिशेब किती हे विचारले तर माझे उत्तर हिशेब जास्त, असे आहे. त्याने त्या काळाचा मोठेपणा घटतो असे मात्र मला वाटत नाही. राजाच्या मनाच्या मोठेपणावर उभी असलेली व्यवस्था राजाबरोबर संपते. ही दोन-अडीचशे वर्षे टिकली.

आणि राजांची मने तरी एका खणात बसणारी कुठे होती? चौसष्ट वर्षे राज्य केलेला राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष जैन आचार्य जिनसेनाचा भक्त, जैन मताकडे झुकलेला. पण त्याचाच 871 चा ताम्रपट, तोही संजाणचाच, सांगतो की प्रजेवरचे संकट टळावे म्हणून त्याने आपल्या डाव्या हाताचे बोट कापून महालक्ष्मीला वाहिले. त्याच्याच राज्यात, शिलाहार मांडलिकांच्या अमलाखाली, कान्हेरीच्या बौद्ध विहाराला दाने मिळत होती. 853 च्या लेखातला दाता अविघ्नाकर गौड देशाचा, म्हणजे बंगालचा. त्याने शंभर द्रम्म ठेवले आणि भिक्षूंच्या ध्यानासाठी जागा करून दिली.

कान्हेरीची गोष्ट तिथेच थांबत नाही. 1009 आणि 1021 मध्ये तिथे पारशी मंडळी येऊन गेली आणि एका लेण्याच्या भिंतीवर पहलवी लिपीत आपली नावे, तारखेसकट, कोरून गेली. बौद्ध लेणे, पारशी पाहुणे, शैव राजा. ‘आम्ही इथे आलो होतो’ असे भिंतीवर लिहून ठेवायची खोड आपल्याकडे जुनीच म्हणायची! पण पारशांच्या कोकणातल्या वावराचा हा तारीखवार पुरावा ‘किस्से संजाण’ या काव्याच्या जवळजवळ सहा शतके आधीचा आहे. ते काव्य नवसारीच्या बहमन कैकोबादने 1600 च्या सुमारास रचले आणि पारशांना आसरा देणाऱ्या जादी राण्याच्या त्यातल्या गोष्टीवरच आपली सगळी भिस्त असते. या शतकाच्या सुरुवातीला संजाणला उत्खनन झाले. त्यात पश्चिम आशियातली निळसर झिलईची भांडी निघाली, चिनी मातीची खापरे निघाली आणि एक जुना दख्मा, म्हणजे पारशांचा शांतिमनोराही सापडला. गाव नुसते दंतकथेतले नव्हते, चांगले नांदते बंदर होते.

चिंचणीलाच मिळालेली पुढची दानपत्रे पाहिली की मठाचे पुढचे आयुष्यही कळते आणि ते फारसे पारमार्थिक नाही. तिसऱ्या कृष्णाच्या काळात भगवतीच्या मठाचा आणि भिल्लमालदेवाचा जमिनीवरून तंटा झाला. भिल्लमाल म्हणजे राजस्थानातले भीनमाळ. तिथून आलेल्या व्यापाऱ्यांचा हा देव. मठाच्या हद्दीत देवाची जमीन निघाली. अखेर मठाने देवाला दरवर्षी ठराविक द्रम्म द्यावेत यावर मिटले. म्हणजे या गावात मुसलमान अधिकाऱ्याचे आणि देवीचे छान जमले होते, भांडण लागले ते दोन देवांत. पुढे 1034 मध्ये, शिलाहार छित्तराजाच्या वेळी, त्याचा मांडलिक चामुंडराज याने याच मठाला तेलाचा एक घाणा दिला, दिव्यासाठी आणि अध्ययन करणाऱ्यांच्या पायांना लावायच्या तेलासाठी. त्या पत्रात ज्या नगरप्रमुखांना उद्देशून मजकूर आहे त्यांत अल्लिय, महर आणि मधुमत ही नावे येतात. मठाला मिळालेल्या तेलाची खबर अली आणि मुहम्मद यांनाही रीतसर द्यावी लागे.

दक्षिणेकडेही हेच. खारेपाटणच्या 1008 च्या ताम्रपटात शिलाहार रट्टराजाने शैव आचार्यांच्या देवस्थानाला परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण सोने लावून दिले. गोव्याच्या कदंबांकडे ताजिक घराण्याच्या तीन पिढ्या मानाने वावरल्या आणि अकराव्या शतकाच्या मध्यात जयकेशीच्या राज्यात त्यांच्या मशिदीच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवर पट्टी बसली. दोन्ही ठिकाणी जहाज तेच, फक्त सोने इकडे शिवाला आणि तिकडे मशिदीला.

या चित्राला सोन्याचा मुलामा मात्र देऊ नये. दान दिलेले गाव म्हणजे नुसती माती नसते. त्या गावचे कुणबी, कोळी आणि जंगलकरी सारा भरतच होते, आता तो राजाऐवजी मठाला. त्यांना कोणी विचारल्याची नोंद नाही. साक्षीला आणि माहितीला जी नावे आहेत ती व्यापाऱ्यांची, ब्राह्मणांची आणि अधिकाऱ्यांची. बंदराच्या वरच्या वर्गाने आपसांत केलेला हा समझोता होता आणि त्याचे बिल मागच्या डोंगराळ मुलखात जात होते. साग तोडणारा कोणत्याही ताम्रपटात नाही.

समझोता ज्या पैशावर उभा होता तो हळूहळू दुसरीकडे वळला. 879 मध्ये चीनच्या कॅन्टन बंदरात बंडखोरांनी परदेशी व्यापाऱ्यांची कत्तल केली, तेव्हा आखाती जहाजांची चीनची थेट वारी संपली. 969 मध्ये फातिमींनी इजिप्त घेतला आणि तांबड्या समुद्राची वाट चालती झाली. 977 मध्ये सिराफला भूकंपाने हादरवले. मान्यखेट त्याआधीच, 972 मध्ये, परमार सीयकाने लुटले होते आणि लगेच पुढच्या वर्षी तैलपाने राष्ट्रकूटांचे राज्य संपवले. शिलाहार मात्र राहिले. अंबरनाथचे देऊळ त्यांचेच, त्यावर 1060 चा लेख आहे. त्यांच्यातल्या अपरादित्याने याज्ञवल्क्य स्मृतीवर टीका लिहिली आणि ती काश्मीरपर्यंत प्रमाण मानली गेली. ठाण्याच्या राजाचा कायदा श्रीनगरात चालावा, ही गोष्ट ठाणेकरांना तरी माहीत असायला हवी.

1265 च्या सुमारास देवगिरीच्या महादेव यादवाने शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याचा समुद्रात पाठलाग करून त्याला संपवले. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या जहाजांची रांग कोरलेली दिसते, तिचा संबंध पुष्कळ जण या लढाईशी जोडतात. यादवांचे बळ घाटावरचे होते. तीस वर्षांच्या आतबाहेर मार्को पोलो ठाण्याबद्दल लिहितो की इथला राजा चाच्यांशी संगनमत करून आहे आणि लुटीतले सगळे घोडे त्याला मिळावेत असा करार आहे. जहाजाकडून गद्याण घेण्याऐवजी जहाजच लुटायचे, हा नवा हिशेब.

1321 मध्ये, दिल्लीचा अंमल आल्यावर, ठाण्यात चार फ्रान्सिस्कन पाद्री एका नेस्तोरी ख्रिश्चनाच्या घरी उतरले होते. शहरात अशी पंधराएक ख्रिश्चन घरे होती. काझीसमोर धर्माचा वाद पेटला आणि त्या चौघांना ठार मारण्यात आले. त्यांचा सोबती जोर्दानुस तेव्हा बाहेरगावी होता. त्याने मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले. थोड्याच काळात आलेल्या ओडोरिकने त्या अस्थी उचलून चीनमधल्या झैतून बंदरात नेल्या. पुढे संजाणवरही फौज चालून आली. ‘किस्से संजाण’ सांगतो की हिंदू राजाच्या बाजूने पारशी लढले, हरले आणि पवित्र अग्नी घेऊन बहारोटच्या डोंगरात बारा वर्षे राहिले. बहारोटची ती लेणी आजही डहाणू तालुक्यात आहेत, ज्या चिंचणीत सुगतिपाचे दानपत्र निघाले तिच्याच तालुक्यात.