तोफेच्या तोंडी

वरिष्ठांच्या रोषापुढे एखाद्या गरीब कारकुनाला उभे केले, की ‘त्याला तोफेच्या तोंडी दिले’ असे मराठी माणूस सहज म्हणून जातो. वापरून वापरून या शब्दांतील दारूचा वास उडून गेला आहे.

मावळातील बेगडेवाडीच्या लहानशा स्थानकावरून जाणारा लोहमार्ग मुंबईत जेथे संपतो, तेथून आझाद मैदान हाकेच्या अंतरावर आहे. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी याच परिसरात, तेव्हाच्या एस्प्लनेडवर, सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया यांना तोफेच्या तोंडी बांधून उडविण्यात आले. त्या शिक्षेचे स्वरूप वसिली वेरेश्चागिन या रशियन चित्रकाराने १८८४ च्या सुमारास रंगविले. त्यापूर्वी दोनदा त्याने हिंदुस्थानचा प्रवास केला होता. मूळ चित्राचा ठावठिकाणा आज ज्ञात नाही. प्रतिकृतींतूनच ते परिचित आहे.

चित्रात रक्त नाही, धूरही नाही. तोफांची रांग दूरवर लहान होत जाते. प्रत्येक तोफेच्या तोंडाशी एक जीव आणि शेजारी ताठ उभे गोलंदाज. बांधलेल्यांची वस्त्रे पांढरी, गोलंदाजांचे गणवेश गडद. सर्वांत पुढे असलेल्या शुभ्र दाढीच्या वृद्धाची मान मागे कलली आहे. हुकूम अद्याप सुटलेला नाही आणि पाहणाराही त्या हुकमाची वाट पाहत उभा राहतो. येथे भयाचे प्रतीक तोफ नव्हे, तर ती निर्विकार शिस्त होय.

यातील गणवेश १८५७ चे नसून चित्रकाराच्या काळातील आहेत, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. पण शिक्षाही जुनी झालेली नव्हती. जानेवारी १८७२ मध्ये पंजाबात मालेरकोटला येथे साठांहून अधिक कूकांना असेच उडविण्यात आले होते.

हा केवळ इंग्रजद्वेष म्हणावा, तर वेरेश्चागिनने याच मालिकेत रोमनांनी दिलेले क्रूसदंड आणि स्वतःच्या रशियातील फाशीही रंगविली. त्याचा रोख एका राष्ट्रावर नव्हता. कायद्याच्या नावाने थंडपणे मारणाऱ्या सत्तेवर होता. ही शिक्षा इंग्रजांपूर्वी एतद्देशीय सत्ताधीशांनीही दिली होती, हे विसरून चालणार नाही. आपल्या क्रौर्याकडेही त्याच डोळ्यांनी पाहता आले, तरच हे चित्र खऱ्या अर्थाने पाहिले असे म्हणता येईल.