बरं वाटतं, तेव्हाच गोळी सुटते
क्षयरोग समजून घेताना : लेखांक ४

मागच्या आठवड्यात आपण खाकऱ्याच्या तपासणीपर्यंत आलो होतो. निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही आठवडे आजारच गोळीची आठवण करून देतो. रात्रभर खोकला, संध्याकाळी अंगात कसर, चार पावलं चाललं की धाप. मग ताप उतरतो, खोकला कमी होतो, भाकरी गोड लागायला लागते. तिसऱ्या महिन्यात माणूस कामाला उभा राहतो आणि गोळी सुटते ती इथेच.

वाशिम जिल्ह्यात याला हंगामाचीही जोड आहे. श्रावणात उपचार सुरू झाले तर तिसरा महिना नेमका दिवाळीच्या तोंडावर येतो. सोयाबीन निघालेलं असतं, हाताला काम नसतं. मानोरा, मंगरुळपीरकडच्या तांड्यांवरून माणसं ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईकडे बांधकामावर निघतात. बोचक्यात पीठ-मीठ, भांडी, अंथरूण सगळं जातं. गोळ्यांची पाकिटं तेवढी घरी राहतात, कारण आता बरं वाटतंय.

बरं वाटतं म्हणजे आत काय झालेलं असतं? आपल्या ओळखीचे बरेचसे जंतू वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतात, क्षयाच्या जंतूला पंधरा-वीस तास लागतात. त्यातले काही जंतू तर वाढ थांबवून, पेशींच्या आत नुसते पडून राहतात. गोळीतलं आयसोनियाझिड हे औषध वाढणाऱ्या जंतूंना झपाट्याने मारतं. ताप-खोकला उतरतो तो बराचसा त्यामुळे. पडून राहिलेले अधूनमधून जागे होतात, त्यांना रिफॅम्पिसिन टिपतं, आणि पायराझिनामाइड पेशींच्या आतल्या आम्लात लपलेल्यांपर्यंत पोचतं. चौथं इथॅम्ब्युटॉल राखणीला असतं: एखादा जंतू एका औषधाला दाद देत नसला तरी दुसऱ्याच्या तावडीत सापडावा म्हणून. पहिले दोन महिने ही चारही औषधं, पुढचे चार महिने पायराझिनामाइड सोडून तीन. तिसऱ्या महिन्यात गोळी सोडली की हे झोपलेले जंतू शिल्लक राहतात. आजार उलटतो. अर्धवट, खंड पाडून घेतलेल्या औषधांतून तगलेले जंतू औषधांना दाद न देणारेही होऊ शकतात, आणि मग तोच हट्टी आजार घरातल्या लेकरापर्यंत जातो.

गोळ्या किती, हे वजनावर ठरतं. ४२ किलोच्या माणसाला रोज तीन, ५० किलोच्या पुढे गेला की चार. त्यामुळे वजनकाटा हा उपचाराचाच भाग आहे. लघवी लालसर-केशरी झाली की पुष्कळजण घाबरून गोळी थांबवतात. तो रिफॅम्पिसिनचा रंग आहे, रक्त नव्हे. डोळे पिवळे दिसले, अन्नावरची वासना उडाली, सारख्या उलट्या झाल्या, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कावीळ उतरवणाऱ्याकडे जाण्यात दिवस घालवू नयेत. या काळात दारू तर नकोच, कारण गोळ्यांचा भार आधीच यकृतावर असतो.

आणखी एक रीत मला फार खटकते. सुनेला टीबी निघाला की तिला माहेरी धाडतात. गोळ्यांचा खंड पुष्कळदा या प्रवासातच पडतो. मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या अभ्यासात काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवलं, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या गरीब घरांतच औषधं दिली. घरी राहिलेलेही जवळपास तितकेच बरे झाले आणि त्यांच्यामुळे घरच्यांना जास्त लागण झाल्याचं दिसलं नाही. १९५९ साली हे निष्कर्ष छापून आले आणि जगभरातल्या उपचाराची दिशा बदलली. खोकताना तोंडावर रुमाल, खोलीची खिडकी उघडी, गोळी रोज. इतकं पाळलं तर तिला घराबाहेर काढायला कोणतंही कारण उरत नाही.

ज्यांना कामासाठी बाहेरगावी जावंच लागतं, त्यांनी निघण्याआधी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगायचं. निक्षय या सरकारी नोंदणीत प्रत्येक रुग्णाचा क्रमांक असतो. त्यावर दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी केंद्रात नाव वळवून घेता येतं आणि गोळ्या तिथे फुकट मिळतात. तो क्रमांक फोनमध्ये आणि शिवाय कागदावरही लिहून ठेवावा, फोन हरवतो. पोषणासाठीचे पैसे बँक खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पासून ते महिन्याला ५०० वरून १००० रुपये झाले आहेत. या पैशांची डाळ, अंडी, शेंगदाणे घरात यावेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या झारखंडमधल्या अभ्यासात, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन वाढलं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं.

एखाद-दुसरा दिवस गोळी राहिली तर घाबरायचं नाही, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी घ्यायची. एकदम दुप्पट घेऊ नये. खंड महिनाभराचा झाला असेल तर लाजून घरी बसू नये. खाकरा पुन्हा तपासून, औषधं अजून लागू पडतात का हे पाहून डॉक्टर उपचार ठरवतात.

पुढच्या आठवड्यात : घरात एकाला टीबी निघाला, बाकीच्यांचं काय? लेकरांच्या तपासण्या आणि प्रतिबंधक गोळ्या.