पद्मिनीचं नवं स्टिअरिंग

कागदोपत्री नाव काहीही असो, मुंबईकर तिला शेवटपर्यंत ‘फिएट’च म्हणत राहिला. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून ती ‘फिएट ११०० डिलाइट’ म्हणून तयार होऊ लागली. सत्तरच्या दशकात तिचं बारसं आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ असं झालं. ताडदेव आरटीओत २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. हौशी लोकांकडच्या गाड्या मात्र आता जास्तच लाडात आल्या आहेत, आणि या लाडात पहिली नजर जाते ती स्टिअरिंगवर. मूळचं स्टिअरिंग मोठं आणि बारीक कड्याचं असतं. आत लोखंडी सांगाडा आणि वर कडक प्लास्टिक. चाळीस उन्हाळे खाल्ल्यावर आरे जिथे कड्याला मिळतात नेमकं तिथेच ते तडकतं.

मग इटलीचे वेध लागतात, आणि ते अगदीच अस्थानी नाहीत. फिएटचं गाव तुरिन, आणि एन्रिको नार्दींचं वर्कशॉपही तिथलंच. लाकडी कडं, चकचकीत ॲल्युमिनियमचे आरे ही त्यांची ओळख पन्नासच्या दशकापासूनची. मोमो या दुसऱ्या इटालियन ब्रँडचा जन्म १९६४ चा. रेसर जियानपिएरो मोरेत्तींनी स्वतःच्या गाडीसाठी जाड, हातात बसणारं स्टिअरिंग बनवून घेतलं. ते जॉन सर्टीसनी फेरारीवर वापरलं, आणि त्याच वर्षी ते फॉर्म्युला वनचे विश्वविजेते झाले. आज ही दोन्ही नावं छापलेला नकली माल बाजारात ढिगाने मिळतो. आऱ्यांची मागची बाजू पाहावी, दोन्ही हातांनी कडं पिरगाळून बघावं. वाकलं, तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडावं.

पण खरी गोम कड्यात नाही, बॉसमध्ये आहे. बॉस म्हणजे गाडीचा दातेरी शाफ्ट आणि नवं स्टिअरिंग यांना जोडणारा मधला तुकडा. स्टिअरिंगच्या बाजूला सहा बोल्टांची जागा ठरलेली असते: मोमोला ७० मिलिमीटरच्या वर्तुळावर, नार्दीला ७४ च्या. चार मिलिमीटरचा हा फरक भोकं ‘थोडी रुंद करून’ मिटवणारे महाभाग आहेत. त्यांच्या गाडीत मी बसत नाही. शाफ्टच्या बाजूला दाते तंतोतंत जुळायला हवेत. तयार बॉस मिळाला नाही, तर भंगारातल्या जुन्या स्टिअरिंगचा मधला भाग कापून लेथवर बॉस करून घेण्याची पद्धत आहे. चांगला टर्नर असेल तर काम चोख होतं. पण कास्टिंगच्या तुकड्यावर घाईघाईत मारलेलं वेल्डिंग कधी दगा देईल, सांगता येत नाही. हौसेचे पैसे वाचवायचेच असतील तर कड्यात वाचवा, इथे नको.

आता प्रत्यक्ष काम. चाकं सरळ करून बॅटरीची अर्थची केबल काढायची. हॉर्नचं बटण उचकटून तार मोकळी करायची, शाफ्टवर आणि हबवर पंचने समोरासमोर खूण मारायची. नट सैल करावा, पण दोन आटे शिल्लक ठेवावेत. अडकून बसलेलं स्टिअरिंग सुटतं तेव्हा एकदम सुटतं, आणि त्याच्या वाटेत आपला जबडा असतो. काही मिस्त्री शाफ्टच्या टोकावर हातोडा मारतात. त्यांचा हात धरावा. तो मार थेट खाली स्टिअरिंग बॉक्समधल्या वर्म-रोलरला आणि बेअरिंगला बसतो. पुलर लावायचा, हळूहळू ताण द्यायचा, रात्रभर गंज सोडवणारं तेल मुरू द्यायचं.

बॉस चढवताना दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. वळण संपल्यावर इंडिकेटर आपोआप बंद करणारा उंचवटा मूळ हबवर असतो. नव्या बॉसवर तो त्याच जागी आला नाही, तर इंडिकेटर टकटकत राहतो किंवा वळायच्या आधीच विझतो. दुसरी गोष्ट हॉर्नची. बहुतेक जुन्या गाड्यांत बटण दाबलं की तार अर्थला टेकते आणि हॉर्न वाजतो. तारेचं इन्सुलेशन बॉसच्या कडेला सोललं गेलं, तर ऐन सिग्नलवर हॉर्न वाजायला लागतो आणि थांबत नाही. शिवाय हँडगिअरच्या, म्हणजे स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा असलेल्या गाडीत बॉस आखूड पडला, की गिअर टाकताना बोटांची सालटी निघतात. म्हणून नट आवळण्याआधी दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग फिरवून, प्रत्येक गिअर टाकून बघावा.

व्यासाचा हिशेबही करावा. ४० सेंटिमीटरच्या जागी ३५ चं कडं बसवलं, तर तेवढ्याच वळणाला साधारण १४ टक्के जास्त जोर लागतो. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत पार्किंग करताना तो दंडांना कळतो. मी ३८ च्या खाली जाणार नाही. आणखी एक फसवणूक लक्षात ठेवावी: कड्यावर तीन सेंटिमीटर जाणवणारा प्ले, म्हणजे चाकं न वळता होणारी स्टिअरिंगची मोकळी हालचाल, लहान स्टिअरिंगवर अडीचच्या आसपास दिसतो. मालक खूश होतो, पण बॉक्समधली झीज होती तेवढीच असते. आधी प्ले काढावा, मग नटायला बसावं.

जुनं स्टिअरिंग भंगारात देऊ नये. पन्नास वर्षं पुरी केलेल्या खासगी गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेल्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांचा भर चासी, बॉडी आणि इंजिन यांच्या मूळ रूपावर आहे. पण प्रदर्शनातल्या परीक्षकांची नजर त्याहून बारीक असते. तडा इपॉक्सीने भरून रंगवता येतो. आणि नवं बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर मधला नट आणि सहाही बोल्ट पुन्हा पाना लावून तपासावेत.