वजन किती, की वजन कशाचे?

मंडळी, स्वारगेटच्या एसटी स्थानकावरचे रंगीत दिव्यांचे वजनयंत्र आठवते ना? नाणे टाकले की तिकीट पडायचे. त्यावर वजनही असायचे आणि भविष्यही! आम्ही हसून दोन्ही खिशात टाकायचो. आजचा प्रश्न तोच आहे: यकृताच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर रोग्याचे पुढे कसे होईल, हे वजनावरून कळते का? नुसत्या वजनावरून नाही. ते वजन कशाचे आहे, यावरून थोडेफार कळते.

पुण्याचेच उदाहरण घेऊ. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय 22.3. पण शरीरातली चरबी? युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! काट्याला दोघे सारखेच.

आता यकृताकडे येऊ. शस्त्रक्रियेआधी सीटी स्कॅन होतोच. त्यात कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर स्नायू किती आहेत, हे मोजता येते. ते फार कमी असतील तर त्याला सार्कोपेनिया म्हणतात. जपानमधल्या 186 रोग्यांचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी सार्कोपेनिया असलेल्यांपैकी 71 टक्के हयात होते, नसलेल्यांपैकी सुमारे 84 टक्के.

असे का व्हावे? कापल्यावर उरलेले यकृत पुन्हा वाढते. त्याला लागणाऱ्या अमिनो आम्लांचा साठा स्नायूंत असतो. यकृत थकले की रक्तातला अमोनिया हटवायलाही स्नायूच हातभार लावतात. शिवाय खोकून कफ काढणे, उठून चालणे, हेही त्यांचेच काम.

पण इथे आमच्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर जागा होतो. साहचर्य दिसले म्हणून कारण सिद्ध झाले, असे होत नाही. मूळचा आजारच जास्त असेल, तर त्यानेही स्नायू झिजतात. म्हणून सार्कोपेनिया हा इशारा समजावा, निकाल नव्हे.

तरी घरात एक चूक टाळता येते. पोटात पाणी साठले की वजन भरते आणि आपण म्हणतो, ‘तब्येत सुधारली!’ आत स्नायू झिजत असतात. त्यातच यकृताचा आजार म्हणून डाळ, अंडे बंद करून रोग्याला नुसत्या पेजेवर ठेवतो. असे परस्पर करू नये. डॉक्टरांना सरळ विचारावे: प्रथिने किती द्यायची, किती चालवायचे, आणि स्कॅनमध्ये स्नायू कसे दिसतात?

तिकिटावरचा आकडा खरा होता, मंडळी. आपण त्याला अर्धाच प्रश्न विचारत होतो.