गिटार : साधी, विजेची आणि बेस

भाईंदरहून उत्तनकडे जाताना मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे पडली की डोंगरी लागते. या बाजूच्या ख्रिस्ती वस्त्यांत गिटार हे परके वाद्य नाही. चर्चमधील गायनात आणि लग्नाच्या मांडवात ती ऐकू येते. साहजिकच शाळकरी मुलांना ती शिकावीशी वाटते आणि मग प्रश्न सुरू होतात. साध्या गिटारीला वीज लागत नाही, मग दुसरीला का? बेस गिटारीच्या तारा इतक्या जाड का? विजेच्या गिटारीचा धक्का बसतो का? हे सारे प्रश्न पदार्थविज्ञानाचेच आहेत.

प्रयोगशाळेतला नादकाटा वाजवून हातात धरा. आवाज जेमतेम ऐकू येईल. आता त्याचा दांडा टेबलावर टेकवा. आवाज एकदम मोठा होतो. तारेचेही तसेच आहे. बारीक तार एकटी फार थोडी हवा हलवू शकते. साध्या गिटारीत तारेची कंपने घोडीतून खालच्या पातळ फळीला मिळतात आणि ती रुंद फळी पुष्कळ हवा हलवते. मधल्या भोकातून सगळा आवाज बाहेर पडतो, हा समज बरोबर नाही. भोकामुळे पेटीतली हवाही कंप पावते आणि त्याने मुख्यतः खर्जाच्या स्वरांना बळ मिळते. तंबोऱ्याचा भोपळा हेच काम करतो. (मिरजेच्या सतारी आणि तंबोरे यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते या कारागिरीला.) मात्र पेटी ऊर्जा निर्माण करीत नाही. ती तारेचीच ऊर्जा लवकर खर्च करते. म्हणून आवाज मोठा येतो, पण लवकर विरतो.

विजेच्या गिटारीचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असते. जोडणी न करता ती वाजवली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जाणार नाही. तिचे खरे कान तारांखाली असतात. त्यांना पिकअप म्हणतात. पिकअपमध्ये लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतःही किंचित चुंबकित होते. ती हलली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होते व वेटोळ्यात विद्युतदाब उत्पन्न होतो. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच! हा दाब अगदी क्षीण असतो. अ‍ॅम्प्लिफायर तो वाढवून स्पीकरला देतो. अशा गिटारीला नायलॉनच्या तारा लावून पाहा, पिकअप मुका राहील. नायलॉनला चुंबकाचे काहीच वाटत नाही.

आता बेस. नेहमीच्या गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, तर बेसची सर्वांत जाड तार सुमारे ४१ वेळा, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. कंपनसंख्या निम्मी करायची तर तारेची लांबी दुप्पट करावी. पण साधारण ६५ सेंटिमीटरची तार १३० सेंटिमीटरची केली तर वाजवणाऱ्याचा हात पुरायचा नाही. ताण एकचतुर्थांश केला तर तार लोंबेल. म्हणून लांबी सुमारे ८६ सेंटिमीटर ठेवतात आणि उरलेले काम तारेच्या वजनावर सोपवतात. गणित करून पाहा : ताण तोच ठेवला तर दर सेंटिमीटरमागे वजन सुमारे २.३ पट लागते. प्रत्यक्षात बेसचा ताणही जास्त ठेवतात, त्यामुळे तार आणखी जाड होते. नुसती जाड सळई मात्र ताठ होऊन बेसूर वाजेल. म्हणून मधल्या बारीक तारेवर दुसरी तार गुंडाळतात. वजन वाढते, लवचीकपणा राहतो. लिओ फेंडर याच्या कंपनीने १९५१ साली पट्ट्यांची विजेची बेस बाजारात आणली आणि उभ्या प्रचंड बेसऐवजी गळ्यात अडकवता येणारे वाद्य वादकांच्या हाती आले.

दांड्यावरच्या या धातूच्या पट्ट्या पेटीकडे सरकताना जवळजवळ का येतात, हे एका फूटपट्टीने कळेल. दर पट्टीगणिक उरलेल्या लांबीचा सुमारे अठरावा भाग कमी होतो. ६५ सेंटिमीटरच्या तारेवर पहिले अंतर ३.६५, दुसरे ३.४४ सेंटिमीटर येते. बाराव्या पट्टीपाशी लांबी निम्मी उरते, म्हणजेच वरचा षड्ज लागतो. सतारीचे पडदे सरकवता येतात, या पट्ट्या पक्क्या ठोकलेल्या असतात.

पहिली गिटार कोणती घ्यावी? जी वाजवायची आहे ती. बोटे दुखतील या भीतीने थांबू नये. नायलॉनच्या तारांचा ताण कमी असतो, त्या सोसतात. पोलादी तारांचा मिळून ताण ७० किलोग्रॅम वजनाइतका भरतो! समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत त्या गंजतातही लवकर. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसाव्यात.

धक्क्याचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेऊ नये. विजेच्या गिटारीच्या तारा बहुधा वायरीमार्फत अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. अर्थिंग ठीक असेल तर यात धोका नाही. पण मांडवातल्या तात्पुरत्या जोडणीत एका उपकरणाचे अर्थिंग तुटलेले आणि त्यात बिघाड असेल, तर एका हाताने तारा धरून दुसऱ्याने मायक्रोफोनला स्पर्श करणाऱ्याच्या शरीरातून प्रवाह जाऊ शकतो. १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे लेस्ली हार्वे हा स्कॉटिश गिटारवादक रंगमंचावर असाच मृत्युमुखी पडला. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून टाकलेली दिसली, तर ती पुन्हा बसवून अर्थिंग तपासून घेईपर्यंत गिटार जोडू नये.